मधल्या खड्याखाली

गॅनाडो
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तुझी कंबर आता बरी आहे आणि मेंढ्या अजून डोंगरावरच आहेत, असं लीलंडभावजींकडून कळलं. ते उद्या सरपणासाठी तुमच्याकडे लुकाचुकाईला येत आहेत. त्यांच्या हाती हे पत्र आणि एक पत्र्याचा डबा पाठवते आहे. डबा आधी उघडू नकोस. पत्र संपव.

बातमी अशी की वर्लीनताईचं बाळ हसलं. पहिल्यांदाच. काल दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझ्या मांडीवर. वय तीन महिने नऊ दिवस. झोपेतलं हसू नव्हतं, खदखदून होतं.

ताई स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी धावत आली. "कोणी हसवलं त्याला?"

"मी."

"तू?" ती दाराला टेकून स्वतःच हसत सुटली. "झालं. जो पहिल्यांदा हसवतो त्याचा स्वभाव लागतो पोराला. आता हा जेवायला बसला की आधी रश्शाचं तापमान मोजणार."

"बरंच आहे की," भावजी म्हणाले, "या घरात कुणीतरी वेळेवर येईल."

तर आपल्या रीतीप्रमाणे, पहिलं हसू मी हसवलं म्हणून मेजवानीही मी द्यायची. शनिवारी अकराला. मेंढी भावजींच्या आईनं देऊ केली आहे. तळलेल्या पोळ्या मी करणार. काल सहा करून पाहिल्या. कुत्र्यानंही वास घेऊन जरा विचार केला. बाळाच्या मुठीतून प्रत्येकाच्या तळहातावर खडेमीठ ठेवायचं, ते काम मात्र मला जमेल.

त्या वेळी बाळाच्या अंगावर घरची चांदी आणि फिरोजाचा निळा खडा हवा. ताई म्हणाली, "आजोबांनी घडवलेलं आजीचं कडं आण. मामानं तुला पदवीला दिलं ते." मी म्हटलं, आणते. ते तेव्हा माझ्या पिशवीतच होतं. कुठल्या अवस्थेत, ते मी तिला सांगितलं नाही.

बाळ कशानं हसलं, तेही सांगितलं नाही. मी लागोपाठ तीनदा शिंकले म्हणून हसलं. पिशवीतली एक पुडी नुकतीच उघडून पाहिली होती, तेव्हा नाकात जुनिपरच्या लाकडाचा जुना भुसा गेला होता. भुसा कुठून आला, हे तू एव्हाना ओळखलं असशील.

दोन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, मी ते कडं प्रयोगशाळेतल्या उपकरणं धुण्याच्या यंत्रात घातलं. साबणाचं कोमट पाणी, ध्वनिलहरी, चार मिनिटं. चांदीवर उठवलेल्या ठशांमधला काळेपणा काढून ते लखलखीत करायचं होतं. नव्या नोकरीत सगळ्यांना दाखवायचं होतं. खड्यांमागचा भुसा फुगला, मधला खडा उचलला गेला आणि त्याच्याभोवतीची चांदीची पट्टी फाटली. खडा शाबूत आहे, पण फिका पडला आहे.

मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. माहीत होतं. "पाणी लावू नकोस, खड्यांमागे आधाराला भुसा भरलाय," हे तू माझ्या हातात कडं घालतानाच म्हणाला होतास. मला वाटलं, चार मिनिटांनी काय होतंय.

तेव्हापासून मी तुझे फोन घेतले नाहीत. अल्बुकर्कीला जाऊन पोरगी मोठी झाली, तिला आता आपण नकोसे झालो, असं तू ताईला म्हणालास म्हणे. तसं नव्हतं, मामा. फोन घेतला असता तर तू कड्याबद्दल विचारलं असतंस.

आता खरी गोष्ट. खडा निघाला त्या दिवशी मी खालची चांदी भिंगातून पाहिली. तिथे बाणाचा ठसा आहे, कड्याच्या काठावर ओळीनं आहे तोच. पण उलटा. आणि अर्धा घसरलेला.

"बाबांचा हात चुकलेला मी कधी पाहिला नाही," असं तू चांदी घडवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतोस. आणि मधला खडा बाजूच्या दोन्हींपेक्षा एवढा मोठा का, असं कुणी विचारलं की, "कारण माझ्या आईचा मान मोठा." मी मोजलं. खड्याचा काठ त्या चुकलेल्या ठशापलीकडे जेमतेम दोन मिलिमीटर जातो. मान नाही, मामा. चूक झाकायला आजोबांना तेवढ्या मापाचा खडा शोधावा लागला.

प्रयोगशाळेत मी एकटीच मोठ्यानं हसले. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली. हे ज्याला सांगावं असा जगात एकच माणूस होता, आणि त्याला सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागणार होतं. दोन वर्षं ते ओठांवर घेऊन फिरते आहे.

आता डबा उघड. कडं, खडा, फाटलेली पट्टी आणि जमेल तेवढा भुसा वेगवेगळ्या पुड्यांत आहे. शनिवारपर्यंत दुरुस्त होईल का, ते तूच सांगू शकतोस. नाही झालं तर बाळाला तुझ्या हातचं दुसरं काहीही चालेल. पण तू यायला हवंस. बाळाच्या हातचं पहिलं मीठ मी तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे.

शनिवारी सकाळी आठला मी तुझ्या दारात गाडी घेऊन उभी असेन. रागवायचं असलं तर वाटेत रागव. दीड तासाचा रस्ता आहे आणि गाडी मीच चालवणार आहे, त्यामुळे या वेळी मला कुठे पळून जाता येणार नाही.

तुझीच भाची, अजूनही,
शांडीन