कारखान्यातली धूळ

रोहा, १० मे २०२०

तीर्थरूप आप्पांना नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते आहे. मी बरी आहे. खोलीवर तांदूळ, गॅस पुरेसा आहे. आईचा गुडघा कसा आहे?

काल ती म्हणाली, “तुझे आप्पा ऐकत नाय गो. म्हणतात, लॉकडाऊनने हवा सुधारली, आता दम्याचा पंप कशाला?”

हवा सुधारली हे खरं आहे. इथल्या नाक्यावर मी रोज हवेतली धूळ मोजते. गाड्या आणि कंपन्या थांबल्यापासून ती निम्म्यावर आली आहे. पण तुमचा दमा कमी होण्याचं कारण वेगळं आहे.

होळीला पेणला आले तेव्हा एक दिवस मी धूळ मोजायचं यंत्र आपल्या गणपतीच्या कारखान्यात लावलं होतं. तुम्ही पॉलिश पेपरने मूर्ती घासत होता. तिथली धूळ नाक्याच्या चौपट भरली. हंगाम तोंडावर होता, म्हणून मी गप्प बसले. ते चुकलंच. आता कारखाना बंद आहे, म्हणून तुम्हाला श्वास पुरतो आहे.

म्हणजे गाड्या पुन्हा सुरू झाल्या तरी आलेला गुण टिकवता येईल. फक्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप सोडू नका, आणि कारखाना उघडला तरी यंदा घासायला बसू नका.

जूनमध्ये मला पंधरा दिवस रजा आहे. प्रवासाचा पास मिळाला की येते. माझ्याकडे कामावरचा मास्क आहे, घासकाम मी करेन.

मूर्तींचे डोळे तुम्हीच आखा. ते मला जमत नाही.

तुमची,
प्रणिता