केनवडची घंटी

रिसोड, सप्टेंबर १९३७

प्रिय जगदेव,

तुझं विजेचं यंत्र चालू आहे, हे आधी लिहितो. तू तेच विचारशील. खांब वाऱ्यात हलतो, पण तार शाबूत आहे. मध्यंतरी यंत्राच्या काचेच्या नळीतला लोखंडाचा कीस दमटला होता, तो कोरडा भरला. दूर कुठं वीज चमकली की कीस पहिल्यासारखाच एकमेकांना घट्ट धरतो, त्यातून प्रवाह जातो, घंटी वाजते आणि लेखणी कागदावर टिंब उमटवते. माझं दुकान बंद असलं की केनवडला तुझ्या घरी जाऊन मी कागद बदलतो, कागद फिरवणाऱ्या घड्याळाला चावी देतो. नागपूरला तुझ्या कॉलेजात ते कागद पोचतात ना?

यंत्र बसवलंस त्या दिवशी तू मायला म्हणाला होतास, घंटीकडे लक्ष देऊ नकोस, खरं काम कागदावर आहे. तिनं ऐकलं नाही. ढग दिसण्याआधी घंटी वाजते हे तिनं हेरलं. मग घंटी वाजली की ती परात बडवत वावरांकडे निघायची. "बायांनो, चला घरी, जगदेवची घंटी वाजून राह्यली!" आधी बाया हसायच्या, पुढं खुरपी टाकून पळत यायला लागल्या. मी म्हटलं, माय, तू घरात बस, दुसऱ्या कोणाला पाठव. तर मलाच म्हणाली, "कायले? घंटी माह्या पोराची हाये."

मंगळवारी दुपारी घंटी थांबेचना. माय निघाली. निंदणाच्या बाया परतल्या. कमलीबाई एकटी नाल्यापलीकडे होती, तिला आणायला माय पुढं गेली. कमलीबाई धावत गावात आली. मायला तसं पळवत नव्हतं.

जगदेव, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर तिच्यावर वीज पडली. आपली माय गेली. तार करायला निघालो होतो, पण दोन शब्दांत हे तुला कळावं, असं वाटेना. म्हणून नागपूरला निघालेल्या बबनरावांच्या हाती पत्र देतो आहे. अग्नी तुझ्या बापानं, जानरावकाकांनीच दिला. घंटीची जोडणी मी काल सोडवली, कारण ती वाजली की काका उठून दाराशी उभे राहतात. बाया विचारून राहिल्या, घंटी काहून बंद केली? त्यांना काय सांगू? काका तुझ्यावर रागावलेले नाहीत. त्यांचा निरोप एवढाच आहे, "त्याले म्हणा, उपाशी निघू नको." बबनरावांसोबतच ये.

तुझाच,
रऊफ