परवावर ढकलणं

प्रिय समर,

उन्नतीनं रविवारी फोनवर मला एक इंग्रजी क्रियापद ऐकवलं, पेरेंडिनेट. आजी, तू बंगळुरूला यायचं सारखं पेरेंडिनेट करतेस, म्हणाली आणि खिदळत सुटली. पोरगी तुझ्यावरच गेलीय! चष्मा लावून मोबाईलवर शोधलं. काम उद्यावर ढकलणं म्हणजे प्रोक्रॅस्टिनेट, एवढं ठाऊक होतं. लॅटिनमध्ये 'क्रास' म्हणजे उद्या. तसं 'पेरेंडिए' म्हणजे परवा. थोडक्यात, हा शब्द उद्याचीही घाई वाटणाऱ्या पोचलेल्या लोकांसाठी. पूर्वी इंग्लंडच्या कॉलेजांत कुणी पाहुणा मुक्काम लांबवत राहिला, तर त्यालाही हेच क्रियापद लावत म्हणे.

इकडे सगळं ठीक. कूलरची खस बदलून घेतली. दुपारी पाटणकर बाजारात विजयाबाईंच्या दुकानात असते. त्या साड्या विकतात, मी फॉल-पिको करते. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नाही. गिऱ्हाइकांना सगळं परसोंपर्यंत हवं असतं आणि मी देतेही, तेव्हा मला कामचुकार म्हणायचं काम नाही! संध्याकाळी आम्ही दोघी कचोरी खातो. शुगरवरून ओरडू नकोस.

माझ्यासाठी रंगवलेल्या खोलीचे फोटो पाहिले. मला पोपटी आवडतो हे तुझ्या लक्षात राहिलं, भरून आलं रे. आणि मी मात्र गणपतीनंतर, दिवाळीनंतर, थंडी सरू दे, असं करत राहिले. तू बिचारा दर वेळी तिकीट रद्द करतोस.

समर, मला तिकडे कायमचं यायचं नाहीये. तुम्ही सगळे माझी सरबराई करता, पण मी तिथं पाहुणीच असते. दिवसभर तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसते. इथं मला उशीर झाला तर विजयाबाईंचा फोन येतो. उन्हाळ्यात महिनाभर येईन, हक्कानं.

फोनवर हे सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितेय. लग्नानंतर मला शिवणाचं दुकान टाकायचं होतं, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तुझे बाबा कधीच नाही म्हणाले नाहीत. समरची दहावी होऊ दे, मग त्याला नोकरी लागू दे, मग त्याचं लग्न, असं म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, मला दुखवायचं त्यांच्या जिवावर यायचं. मी वेडी दर वेळी खरं मानून दुकानाचं नाव ठरवत बसायची. तुला तसं ताटकळत ठेवणार नाही, बाळा. त्या खोलीत उन्नतीला झोपू दे.

तुझीच,
ग्वाल्हेरची आई