खोटुं ना लगाडता, शेठ

आई, आज सकाळी तुझ्या नातीनं मला सुनावलं. मी परस्पर तिचं नर्सिंगचं कॉलेज ठरवून मोकळी झाले होते. ती जवळ आली आणि म्हणाली, "मम्मी, खोटुं ना लगाडती, पण हे मी ठरवीन." हातात लाटणं धरून मी तशीच उभी राहिले. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तिनं तुला पाहिलेलंही नाही. तरी शब्द तुझेच, आवाजही तेवढाच हळू. ती बारावीच्या क्लासला गेल्यावर मी हे लिहायला बसले.

बारावी नापास होऊन मी जालन्याकडून सुरतेला तुझ्याकडे आले आणि तू मला कडोदऱ्याच्या कारखान्यात तुझ्या शेजारी बॉबिन भरायला बसवलंस. तोंड माझं भारी तिखट, गुजराती मात्र शून्य. माल चोरीला जातो म्हणून शेठ मागच्या दाराला कुलूप लावायचा. पुढचं दार अरुंद, आत सगळीकडे सुताचे ढीग. ठिणगी पडली तर चाळीस बाया निघणार कुठून, हा प्रश्न सगळ्यांनाच पडायचा, पण शेठला सांगायला गेलीस ती तू एकटी. मी तुझ्या मागं उभी होते. तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "शेठ, खोटुं ना लगाडता, पण पाछळनुं ताळुं खोली नाखो ने." मला त्यातलं 'खोटं' तेवढं समजलं. माझ्या आईनं शेठला तोंडावर सांगितलं, खोटं बोलू नका! माझी छाती फुगली. संध्याकाळी डिंडोलीत आपल्या वस्तीच्या नळावर मी बायांना हे रंगवून सांगितलं, तर शेजारची खानदेशी मावशी हसून हसून बेजार. "अवं पोरी, तसं नही शे! ती तर म्हने, राग मानू नका." माझं तोंड एवढंसं झालं. घरात येऊन मी तुझ्यावरच घसरले. चूक त्याची, मग आपण एवढं मऊ का बोलायचं? तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "आपल्याला कुलूप काढायचंय का त्याचं नाक कापायचंय? त्यालाबी देवानंच घडवलंय की." आणि जेवणाआधीच्या प्रार्थनेत सगळ्यांच्या आधी शेठचं नाव घेतलंस, त्याच्या लेकराबाळांसाठीही मागितलंस. खरं सांगते, मला तेव्हा तुझी लाज वाटली.

त्यानंतर रोज सकाळी तू शेठपुढं उभी राहायचीस, तेच वाक्य, तेवढंच हळू. पाचव्या दिवशी तो खेकसला, "बीक लागे तो घेर बेस!" भीती वाटते तर घरी बस. तू मान हलवलीस. "हुं बहार बेसुं छुं, शेठ. तमारा पर गुस्सो नथी." मी बाहेर बसते, तुमच्यावर राग नाही. आणि कुलूप निघेपर्यंत आत येणार नाही म्हणून दारासमोरच्या पायरीवर बसलीस. तीन दिवस. शेठची गाडी आली की उठून नमस्कार करायचीस. आत जाऊ नका असं तू कुणालाच म्हटलं नाहीस. डबा खाताना एखादीनं शेठला शिवी हासडली तर "नको गं, असं नको," एवढंच. चौथ्या दिवशी शेठनं स्वतः कुलूप काढलं आणि चावी तुझ्यापुढं धरली. "लो बेन, तमे ज राखो." घ्या, तुम्हीच ठेवा. बायांना कायम अरेतुरे करणारा तो माणूस तुला 'तमे' म्हणाला! मी थक्क झाले, आई, आणि अजून थक्क आहे. आज इच्छापोरच्या फॅक्टरीत साहेब लोक माझ्या तोंडाला वचकून असतात. मी भांडते, जिंकतेही, पण घरी येते ती सगळ्यांवर चिडूनच. तू मात्र त्या पायरीवरून उठून घरी यायचीस आणि निवांत तांदूळ निवडत बसायचीस. येशूचं नाव तू शेठपुढं एकदाही काढलं नाहीस. पण रविवारी चर्चमध्ये वाचतात तसं खरोखर कुणी जगू शकतं, हे मला तुझ्याकडे बघून पहिल्यांदा पटलं. अंगावर काटा यावा असं होतं ते, आणि तुला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून लिहायचं धाडस होतंय. पहिल्या सकाळी मीही तुझ्या शेजारी पायरीवर बसले होते. मग मी उठले. शेठनं दरडावून आत बसवलं असं तुला संध्याकाळी सांगितलं. तू काही विचारलं नाहीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. आई, त्यानं मला हाकही मारली नव्हती. काम जाईल या भीतीनं मी आपल्या पायांनी आत गेले होते.