होमस्टेचं दरपत्रक

२ नोव्हेंबर
लातूरचं दोन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. ग्रामीण पर्यटनातून गरिबी कशी हटते, ते स्लाइडवर दाखवलं. बाण वर जात होता. सर्टिफिकेट देव्हाऱ्याशेजारी लावलं.
प्लॅन क्लिअर. मागची खोली रंगवायची, कमोड बसवायचा. माहूरला जाणारे भाविक वाटेत आमच्या अर्धापुरात मुक्कामाला थांबतील. बायकोला, शिवकन्येला, शब्द दिला: संक्रांतीपासून आप्पासाहेबांच्या केळीच्या बागेत मजुरी बंद. होमस्टेची मालकीण घड वाहत नसते. बरं, म्हणाली आणि डबा बांधून मजुरीला गेली.

२० नोव्हेंबर
भिंतीवर दरपत्रक रंगवलं. मुक्काम, जेवण, बैलगाडी. बैलगाडी आप्पासाहेबांची. त्यांना अजून विचारलं नाही.

७ डिसेंबर, दुपार
पहिले गेस्ट. पुण्याच्या तनुजा मॅडम, मिस्टर, दोन लेकरं. शिवकन्येनं खाडा करून पिठलं-भाकरी केली. मॅडमनं तीन भाकरी खाल्ल्या. निघताना पर्स उघडली. माझ्या तोंडून निघून गेलं, राहू द्या की मॅडम, घरचंच हाय. वर शिवकन्येला ओटी भरायला लावली. मॅडमचे डोळे भरून आले. शिवकन्येचेही आले, कारण वेगळं असावं.
हे प्रमोशन धरायचं. मोठ्या कंपन्या पहिला महिना फुकटच देतात.

८ डिसेंबर
मॅडमनं नेटवर पाच स्टार दिले. लिहिलंय, लई माया, पैसेसुद्धा घेत नाहीत. शिवकन्येला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, शेवटचं पुसता येतं का. येत नाही.

२१ डिसेंबर
क्यूआर कोड लावला. तोंडानं मागायची भानगडच नको. गेस्ट म्हणाले, कुठं स्कॅन करू. मी कोडला पाठ टेकून उभा होतो. इथं रेंज न्हाई, म्हणालो. रेंज फुल होती.
शिवकन्या म्हणाली, तुमाला जमत नसंल तर मी घेते. मी म्हणालो, बाईमाणसानं पाहुण्याकडून पैसे घेतलेले बरं दिसत नाही. ती म्हणाली, आन् घड वाहिलेलं बरं दिसतं का. पॉइंट व्हॅलिड आहे. विचार करून उत्तर देणार.

४ जानेवारी
काल अकरा गेस्ट. सगळे रिव्ह्यू वाचून आलेले. पीठ-तेल शिवकन्येच्या मजुरीतून. आता ती रविवारीही जाते. आज येऊन बसल्या जागी झोपली, हातात चप्पल तशीच. फार वाईट वाटलं.
आरशासमोर प्रॅक्टिस केली: साहेब, तेवढं बिल बघता का. जमलं. आरशातल्या माणसानं पैसे दिले नाहीत, तो भाग वेगळा.

१३ जानेवारी
शिवकन्येनं सांगितलं, आता भाकरी तुमी थापा, न्हाईतर मजुरीला चला. मजुरी निवडली. गेस्टसाठी ‘केळी काढणी अनुभव’ हे पॅकेज काढायचंय, त्याचा अभ्यास होईल.

१५ जानेवारी, संध्याकाळ
संक्रांत काल झाली. आज दिवसभर दोघांनी घड वाहिले. मान वळत नाही. हे काम ती आठ वर्षं करतेय.
पाच वाजता आप्पासाहेबांनी मजुरी वाटली. शिवकन्येनं घेतली, पदरात बांधली. मग त्यांनी माझ्यापुढं नोटा धरल्या.
मी म्हणालो, राहू द्या की आप्पासाहेब.
त्यांनी नोटा परत खिशात घातल्या.
शिवकन्या घरापर्यंत पुढं चालत राहिली. दारात आल्यावर म्हणाली, उद्या मी एकलीच जाते.