उलट्या नाकाचा राजा

बाबा,

आज मंगळवार, सकाळचे साडेदहा वाजलेत. चांदी कापायची छिन्नी आत्ताच खाली ठेवली आणि तुम्हांला लिहायला बसलो.

हरसूलकडची एक बाई आली होती. नागलीच्या वावरात सापडलेलं रोमन नाणं तिनं पदराच्या गाठीतून काढून काउंटरवर ठेवलं. एका बाजूला राजाचं डोकं उठावदार. दुसऱ्या बाजूला तेच डोकं, पण खोलगट आणि उलट्या तोंडाचं. भट्टीजवळून मामा म्हणाले, “नाकाच्या जागी खड्डा! खोटं करणाऱ्याला डोळे नव्हते वाटतं. मार छिन्नी.” अनोळखी चांदीला छेद दिल्याशिवाय ती तोलायची नाही, हा तुमचाच नियम.

मी शाळा सोडून दुकानात बसलो त्या वर्षी असंच एक नाणं आलं होतं. तुम्ही नियमाप्रमाणे छेद दिलात. आत अस्सल चांदी निघाली, पण छेद राजाच्या गालातून गेला होता. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही आईच्या कणकेचे गोळे उचलता आणि मला दाखवता: चकती दोन ठशांमध्ये ठेवून ठोकायची; आधीचं ठोकलेलं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं, कामगाराला कळलं नाही, म्हणून पुढच्या कोऱ्या चकतीवर त्या चिकटलेल्या नाण्यातला राजाच उलटा दाबला गेला. आई म्हणते, “खेळ झाला असेल तर पोळ्या लाटू का?” तुम्ही हसत नाही. “खोटं करणारा असं चुकत नाही रे. घाईतला कामगार चुकतो. पुन्हा आलं तर कापू नकोस.”

म्हणून आज मी कापलं नाही. बाईला सांगितलं, “मावशी, हे खरं आहे. वितळवू नका. चांदीच्या दहापट किंमत येईल.”

“मंग दे ना दहापट.”

मामा मान वर करून माझ्याकडे बघत होते.

“त्वांडानं दहापट, अन् हात गल्ल्याकडं जात नाय व्हय?” ती हसली. “मला आज बियाणं न्यायचं हाय, भाऊ.” नाणं उचलून ती शेजारच्या दुकानात गेली.

भिंतीपलीकडून हातोडीचा एकच घाव ऐकू आला.

हे पत्र कुठे टाकणार? मी त्याची घडी करून तुमच्या फोटोमागे ठेवतो आहे. बाबा, गल्ल्यात तेवढे पैसे होते. नाणं खोटं निघेल अशी भीतीही नव्हती. मामा हसतील, एवढीच होती.