अनिर्धारित ठेवलेली अट

प्रिय त्सुंग-येनदादा,

चार वर्षांनी लिहितेय. शिनछूत वारा सुटलाय. म्हणजे तुमच्याकडे शिनपूत पर्सिमनची फळं वाळत घातली असतील.

ऑफिसात सध्या माझ्याकडे जुन्या टेस्ट साफ करायचं काम आहे. आपला कम्पायलर कोड यंत्राच्या भाषेत नीट उतरवतो का, हे बघणाऱ्या टेस्टमध्ये आपण एखाद्या अटीची किंमत, ती खरी की खोटी, 'अनिर्धारित' सोडून द्यायचो ना, ते आता बाद झालंय. तिथे बाहेरून येणारी खरी किंमत घ्यायची. कंटाळवाणं काम आहे, पण मीच मागून घेतलं. मंगळवारी तू लिहिलेली स्कूटरच्या ब्रेकच्या कोडची टेस्ट समोर आली.

तुला तो दिवस आठवत असेल. तू म्हणाला होतास, "युन-रू, ही अट बाहेरून घेऊ या. अनिर्धारित ठेवली तर कम्पायलर दोन वाटांपैकी त्याला सोयीची धरेल आणि दुसरी तपासलीच जाणार नाही." तुझं काम तपासून पास करणारी मी होते, घाईत होते. म्हटलं, "दादा, किती कीस पाडशील? ठेव तशीच, मी पास करते." तू हसून ठेवलीस.

मग जीलुंगच्या उतारावर, आपलाच कोड असलेल्या त्या बाईंच्या स्कूटरचा ब्रेक लागला नाही. त्यांचा पाय गेला. बैठकीत आपले वरिष्ठ लोसाहेब यांनी विचारलं, "ही टेस्ट कुणाची?" तू हात वर केलास आणि एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी चहाच्या कपात बघत राहिले.

मंगळवारी मी ती अट बाहेरून घेतली. टेस्ट लगेच नापास झाली. कम्पायलरने तेव्हा गाळलेली वाट ब्रेक लावण्याचीच होती. तुझं ऐकलं असतं, तर चूक त्याच दिवशी सापडली असती.

लोसाहेबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आता कशाला उकरून काढतेस?" तरी मी माझ्या नावानिशी लिहून दिलंय. अपघाताचा दोष एकट्या तुझ्यावर टाकणारा तो अहवाल बदलतील असं वाटत नाही.

एरवी तुला लिहायचं धाडस मला झालं नसतं. पण रविवारी शिनपूच्या बाजारात तुझी आई भेटली. मला ओळखून तिने पर्सिमनची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि कमरेत वाकून म्हणाली, "पोरी, माझ्या मुलामुळे तुम्हा सगळ्यांना खाली मान घालावी लागली. माफ कर." मी पिशवी घेतली, दादा. तिथेही तोंड उघडलं नाही. म्हणून हे पत्र. मला उत्तर देऊ नकोस. फक्त हे तिला वाचून दाखव, माझ्या नावासकट.

तुझीच,
युन-रू